परतीचे मैल

धुकं इतकं दाट होतं की माझ्याच गाडीचं नाक मला दिसत नव्हतं. त्याच धुक्यात, जुन्या गिरणीच्या गल्लीत, गाडी बंद पडली.

विजेवरची गाडी बंद पडते तेव्हा आवाज होत नाही. ती खोकत नाही, धक्के देत नाही. पडद्यावरचा आकडा शून्यावर येतो आणि आपण स्टिअरिंग धरून नुसते बसून राहतो. जुन्या मोटारींच्या धुराचा हिशेब मांडणाऱ्या बाईची स्वतःची गाडी चार्जिंगवाचून अडली, हे त्या मोटारवाल्यांच्या क्लबात कळलं असतं तर तिथल्या म्हाताऱ्यांना वर्षभर पुरलं असतं.

गल्लीच्या एका बाजूला एकच घर होतं, खिडकीत दिवा लागलेलं. दुसऱ्या बाजूला क्लबानं गेल्या नोव्हेंबरात लावलेली झाडं. झाडं कसली, कमरेएवढी रोपं, आणि सशांनी कुरतडू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती एकेक पांढरी नळी. त्यांतली किती जगली हे मोजायला मी आले होते. धुक्यात त्या नळ्या रांगांनी उभ्या होत्या. मला बघून बोलायच्या थांबल्यासारख्या...

तेवढ्यात मागून एक व्हॅन आली. व्हॅनच्या मागे रिकामा ट्रेलर. काच खाली झाली. आत तिशीतला एक माणूस होता — विस्कटलेले केस, गळ्यात लाल मफलर.

"गाडी बंद पडली का?"

"नाही. धुकं बघत बसलेय."

"बरं. बघा मग." आणि त्यानं खरोखरच काच वर घ्यायला सुरुवात केली.

"अहो... थांबा की!"

काच पुन्हा खाली आली. तो हसत नव्हता, पण डोळे हसत होते. "बॅटरी?"

"बॅटरी."

"मग ओढून नेता यायची नाही. या गाड्यांची चाकं ओढत नेली की आतलं बिघडतं. ट्रेलरवर चढवू या." तो खाली उतरला आणि पट्टे सोडवू लागला. "घाबरू नका, यावर मी पियानो नेतो. पियानोनं अजून तक्रार केलेली नाही."

आम्ही दोघांनी गाडी ढकलत वर चढवली. पट्टे आवळत असताना समोरच्या घराची खिडकी उघडली आणि एक फार म्हातारी बाई बाहेर डोकावली. तिनं आधी ट्रेलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्याच्याकडे.

"आज गुरुवार ना रे?"

"हो, बाई."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. काचेमागे तिचे खांदे हलताना दिसत होते. हसत होती ती.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"काय माहीत." पण त्यानं खिडकीकडे दोनदा वळून पाहिलं.

व्हॅनमध्ये लोकरीचा आणि जुन्या लाकडी पेट्यांचा वास होता. समोरच्या फळीवर एक स्वरकाटा ठेवला होता. खड्डा आला की तो बारीक गुणगुणायचा. हा माणूस गावोगावचे पियानो सुरात लावायचा. माझं काम काय, हे त्यानं विचारलं आणि मी सांगितलं.

"जुन्या मोटारींचा कार्बन फूटप्रिंट मोजते."

"चाकं असलेल्यांना पाऊल कसलं?"

"हा विनोद मी आठवड्यातून तीनदा ऐकते."

"मग आणखी एक चालेल." तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "कसा मोजता?"

"वर्षात किती मैल चालवली, किती पेट्रोल जळलं, किती तेल गळलं. त्यावरून धूर. धुराच्या बदल्यात झाडं. मेलेली झाडं वजा. सोपं आहे. फक्त सगळे एकच चूक करतात."

"कोणती?"

"जत्रेला गेलो, मेळाव्याला गेलो, एवढे मैल, असं सांगतात. परतीचे मैल विसरतात. सगळे. गाडी जणू तिथेच राहिली! दर वेळी मला विचारावं लागतं — आणि परतीचे?"

त्यानं पहिल्यांदाच रस्त्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. वायपर दोनतीनदा फिरले.

"तुमचं नाव?"

"हेस्टर. हेस्टर वेनलॉक."

"मग उद्या तुम्ही माझ्याकडेच येणार आहात. मी आयव्हो पार्टन."

हे नाव मला ठाऊक होतं. क्लबाचे चिटणीस मिस्टर ऑग्डन आदल्याच दिवशी फोनवर म्हणाले होते, "पार्टनची हिरवी गाडी नीट तपासा. वर्षभर बाहेर काढली नाही म्हणतो आणि मीटर पाचशेच्या वर मैल पुढे आहे. आमचा क्लब माणसाच्या शब्दावर चालतो, मिस वेनलॉक. तो खोटं बोलत असेल तर तुम्ही तसं सांगायचं, आम्ही नाव काढून टाकू."

स्वरकाटा गुणगुणला.

*

तिचं नाव हिल्डा. १९२८ सालची, गडद हिरवी, कापडी छताची, बॉनेटवर चामडी पट्टा आवळलेली. आयव्होच्या घरामागच्या दगडी गोठ्यात ती उभी होती, पोटाखाली तेलासाठी पत्र्याचा ट्रे ठेवलेला.

"ती नव्या माणसापुढे तेल गाळते," आयव्हो म्हणाला. "मनावर घेऊ नका."

"मी ते मोजते."

"बघ हिल्डा, लाज काढली तुझी."

गाडी त्याच्या वडिलांच्या आत्याची. ड्रुसिला पार्टन. सगळे तिला ड्रुसीआजी म्हणत. तीन वर्षांपूर्वी, नव्वदीला टेकलेली असताना ती गेली. लग्न केलं नव्हतं. जाताना पार्टनांचं हे जुनं घर आणि गाडी आयव्होला दिली आणि एकच गोष्ट मागितली, हिल्डाला उभी ठेवू नकोस.

"पहिली दोन वर्षं चालवली मी," तो म्हणाला. "क्लबाच्या वसंतातल्या फेरीत ड्रुसीआजी सत्तर वर्षं गेली होती, मीही दोनदा गेलो. गेल्या हिवाळ्यात मीटर आपोआप पुढे जायला लागलं. तेव्हापासून मी हिला हातही लावलेला नाही."

"एकदाही नाही?"

"हेस्टर, हल्ली मला हिच्याशेजारी उभं राहायचीसुद्धा भीती वाटते." हे तो हसत म्हणाला, पण दारापासून आत मात्र आला नव्हता. "एका संग्रहालयानं मागितलीये. ते टाकी रिकामी करतील, तेल काढून टाकतील आणि भोवती दोरी बांधतील. क्लबानं नाव काढलं तर मी देऊन टाकीन. खोटारडा म्हणवून घेऊन तिच्या गाडीत बसायचं, हे मला जमणार नाही."

मी मीटर वाचलं. टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोलची खूण पाहिली. मग बॅगेतून पांढरा धागा काढला, मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून ओवला आणि भिंतीतल्या खिळ्याला बांधला. दाराला माझं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"एवढा अविश्वास?"

"अविश्वास नाही. पद्धत आहे."

"तुम्हाला शोभते पद्धत," तो म्हणाला आणि लगेच मफलर सारखा करू लागला.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला. "धागा कसा आहे?"

"धागा तुमच्या गोठ्यात आहे."

"तेच ना. एकटा आहे बिचारा. मी म्हटलं, त्याच्या माणसाला कळवावं."

मी कामाच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांपुरता जमला. तिसऱ्याला हसू फुटलं.

पुढच्या शुक्रवारी मी कुलूप काढलं. धागा होता तसाच, ताणलेला, अखंड. पट्टी बुडवली. पेट्रोल त्याच खुणेवर. मग वाकून मीटर पाहिलं आणि काचेवरची धूळ पुसून पुन्हा पाहिलं.

मीटर अकरा मैल पुढे गेलं होतं.

"हेस्टर?" दारातून आयव्होचा आवाज आला. "काय झालं?"

माझं लक्ष गाडीच्या पायरीवर होतं. तिथे पिवळसर काहीतरी सांडलं होतं. टायरच्या खाचांमध्येही तेच. बोटांवर घेतलं तर लाकडाचा भुसा. ताजा, ओलसर, राळेचा वास येणारा.

"तुम्ही लाकूडकाम करता?"

"पियानोच्या तारा ताणतो मी. भुसा कुठून असणार?" तो पहिल्यांदाच आत आला आणि माझ्या बोटांवर वाकला. त्याचा श्वास माझ्या तळहाताला लागला. "हे लार्चचं लाकूड आहे. नुकतं कापलेलं."

"आणि अकराच मैल," मी म्हणाले. "बावीस नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठेतरी गेली... आणि परत आली नाही."

"पण ती तर इथे आहे."

आम्ही दोघांनी हिल्डाकडे पाहिलं. तिच्या पोटाखालच्या ट्रेमध्ये तेलाचा एक थेंब पडला. टप्प.

मी पुष्कळ खोटं बोलणारे पाहिलेत. शेकडो मैल लपवणारे सज्जन मला चहा पाजतात. खोटं बोलणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. आयव्हो पार्टनकडे एकही नव्हतं आणि त्याचा हात माझ्या बाहीला घट्ट धरून होता. त्याला ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं, पण मी सांगितलं नाही.

*

अर्धवट राहिलेली रोपांची मोजणी पुरी करायला मी तिथूनच निघाले. सवयीप्रमाणे माझ्या गाडीचं मीटर शून्यावर घेतलं होतं. गिरणीच्या गल्लीत, त्या एकट्या घरासमोर, मागे माझी गाडी बंद पडली होती अगदी तिथे पोचले आणि पडद्यावर आकडा बदलला.

अकरा.

मी आयव्होला फोन केला. तो येईपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला आत बोलावून चहा ठेवला होता आणि तव्यावर मनुकांच्या छोट्या पोळ्या टाकल्या होत्या. ग्वेन प्रॉसर त्यांचं नाव. वय ड्रुसीआजीच्याच जवळपासचं.

"बस रे, बाळा," त्या आयव्होला म्हणाल्या. "नाक अगदी ड्रुसिलाचं घेतलंयस. तिचं छान दिसायचं."

"तुम्ही ओळखायचात तिला?"

"ओळखायचे? दर गुरुवारी तिची गाडी माझ्या दारात बंद पडायची!"

आयव्होचा कप ओठाशीच थांबला. "हिल्डा? बंद? बाई, अख्ख्या परगण्यात इतकी निगा राखलेली गाडी नव्हती."

"तेच म्हणतेय मी." प्रॉसरबाईंनी पोळी उलटली. "बाजाराच्या दिवशी तिचे वडील तिला गाडी द्यायचे. ती बाजाराला म्हणून निघायची आणि सरळ इकडे यायची... खिडकीतून दिसायचं मला. इथे आली की हळूच वाकून पेट्रोलची तोटी बंद करायची. गाडी दोन आचके द्यायची आणि थांबायची. मग ही खाली उतरणार, कमरेवर हात ठेवून गाडीकडे असं काही बघणार, की जशी आयुष्यात पहिल्यांदाच फसवणूक झालीये!"

मला हसू आवरेना. "मग?"

"मग समोरच्या गिरणीतून एमरिस यायचा. लाकूड कापायची गिरणी होती तिथे तेव्हा, आता तुमची रोपं आहेत ना, तिथेच. हात पुसत यायचा, बॉनेट उघडायचा आणि तोंड एवढं करून म्हणायचा, 'अवघड दिसतंय, मिस पार्टन. न्यावीच लागेल.' की चढली गाडी लाकडाच्या ट्रकवर! दोघं पुढे शेजारी बसून जायची. अकरा मैलांना दोन-दोन तास लागायचे त्यांना."

"ट्रक इतका हळू होता?" आयव्होनं विचारलं.

"ट्रक नव्हता रे हळू."

आयव्हो कानापर्यंत लाल झाला. माझ्या डोक्यात मात्र आकडे जुळत होते. जाण्याचे अकरा हिल्डाच्या चाकांवर. परतीचे ट्रकच्या पाठीवर, भुशात. ते तिच्या मीटरवर कधी चढलेच नाहीत.

"त्यांनी लग्न का नाही केलं?" मी विचारलं.

प्रॉसरबाईंनी चूल बारीक केली. "ठरलं होतं. घरी सांगायचं राहिलं होतं. त्या आठवड्यात गिरणीत ओंडका घसरला आणि एमरिस गेला. तिला कोण कळवणार? कुणाला माहीतच नव्हतं काही... माझ्याशिवाय. गुरुवारी ती आली, तोटी बंद केली, उतरून कमरेवर हात ठेवले. मी दाराबाहेर गेले आणि सांगितलं." त्यांनी पोळी ताटलीत काढली. "रडली नाही. तोटी उघडली, हँडल मारलं आणि गाडी स्वतःच चालवत घेऊन गेली. पुन्हा या वाटेला आली नाही."

बाहेर नळ्यांवरून वारा गेला. बाटलीच्या तोंडावर फुंकावं तसा हुंकार आला, एका नळीतून, मग सगळ्यांतून.

"गिरणी मोडली. जागा ओसाड पडली, गवताखेरीज काही उगवलं नाही," प्रॉसरबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुम्ही लोकांनी झाडं लावलीत. पुन्हा लाकूड आलं तिथे. तेव्हापासून..."

"तेव्हापासून काय?"

"घे की पोळी. गार होतेय."

*

गुरुवारी दुपारी चारला, उजेड मावळत असताना, आम्ही दोघं रोपांमध्ये उभे होतो. गोठ्याची किल्ली माझ्या खिशात होती. मी तिथे जाऊन धागा पाहून, कुलूप पुन्हा लावून आले होते.

धुकं जमिनीवरून वर चढत होतं. आधी नळ्यांचे पाय गेले, मग आमचे.

"थंडी वाजतेय?" आयव्होनं विचारलं.

"नाही."

"दात वाजतायत तुमचे."

"पद्धत आहे माझी."

त्यानं मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. गाठ मारायला त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला... आणि मग त्याची बोटं थांबली. मान एका बाजूला कलली. पियानोसमोर तो असाच उभा राहत असणार.

"ऐक," तो म्हणाला. "हलू नकोस."

मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. दूर, चढावर, एका गाडीची घरघर. गिअर खाली पडला — मधे क्लच सोडून, इंजिनाला थोडा दम देऊन, पुन्हा क्लच दाबून. जुन्या गाडीचा गिअर असाच बदलावा लागतो, आणि इतका मऊ बदललेला मी कधी ऐकला नव्हता.

"हिल्डा," आयव्हो कुजबुजला. "दुसऱ्या सिलिंडरला ती जरा खोकते. ऐकलंस? हा तिचाच खोकला."

"किल्ली माझ्याकडे आहे."

"माहीत आहे."

आवाज गल्लीत वळला, जवळ आला. दिवे दिसले नाहीत. फक्त एका जागी धुकं पिवळट झालं. मग दोन आचके. शांतता. हँडब्रेकचे दाते करकरले. दार उघडल्याचा आवाज, बुटांचा आवाज, आणि मग काहीच नाही... कुणीतरी कमरेवर हात ठेवून वाट बघत असावं, एवढा वेळ.

माझ्या मागे, आम्ही रोपं लावली होती त्या जमिनीत कुठेतरी, एक जड इंजिन सुरू झालं.

मी आयव्होला धरलं. की त्यानं मला. कुणी आधी, हे आजही ठरलेलं नाही. ते इंजिन आमच्या अगदी बाजूनं गेलं. नळ्या थरथरल्या, राळेचा वास आला, ओल्या भुशाचा, गरम डिझेलचा. साखळ्या खळखळल्या. पुरुषाचा आवाज काहीतरी बोलला, फार गंभीरपणे. आणि एक तरुण बाई हसली. हसणं आवरायला बघत होती, पण आवरलं नाही, तशी.

मग ट्रक आमच्यासमोरून रस्त्याला लागला. धुकं क्षणभर फाटलं आणि खिडकीतून एक हात बाहेर आलेला मला दिसला. हातमोजा घातलेला, वर केलेला.

जुन्या गाडीवाल्यांची ही रीत आहे. रस्त्यात दुसरी जुनी गाडी दिसली की हात वर करायचा, ओळख असो वा नसो. आयव्होचा हात वर गेला. मी पाहिलं तर माझाही वर होता.

आवाज दूर गेला. अगदी हळू जात होता तो ट्रक.

कितीतरी वेळ आम्ही तसेच थांबलो, तो ट्रक पोचेल इतका. मग गोठ्यापाशी आलो. कुलूप माझंच होतं, बंद. धागा अखंड. पट्टीवर पेट्रोल त्याच खुणेला. पायरीवर ताजा भुसा. आयव्होनं बॉनेटवर हात ठेवला, मग माझा हात उचलून त्याच्या हाताशेजारी ठेवला.

पत्रा उबदार होता.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"आता नाही," तो म्हणाला. त्याचा हात माझ्या हातावर आला आणि बॉनेट गार होईपर्यंत तिथेच राहिला.

*

"म्हणजे मीटर बिघडलेलं आहे," मिस्टर ऑग्डन म्हणाले.

"नाही. मीटर अगदी बरोबर आहे."

"मग पार्टन खोटं बोलतोय."

"तोही खरं बोलतोय. ते मैल त्यानं चालवलेले नाहीत."

"मग चालवले कुणी?"

"मिस्टर ऑग्डन, तुम्ही मला धूर मोजायला ठेवलंय. त्या मैलांना एक थेंबही पेट्रोल जळलेलं नाही. मी खूण करून तपासलंय. मैल आहेत, धूर नाही. भरपाई शून्य."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ऐंशीच्या पुढचे होते ते. क्लबाच्या फेरीत ड्रुसिला पार्टनच्या मागोमाग त्यांचीच गाडी असायची आणि तिनं कधीतरी त्यांना गुरुवारांचं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

"गुरुवारचे मैल?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"हं," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला. "हिल्डाचं नाव राहू द्या. वसंतातल्या फेरीत पुढे असेल ती."

मी हे आयव्होला सांगितलं तेव्हा तो गोठ्यातच होता, बाह्या वर सारलेल्या, नाकावर ग्रीस. संग्रहालयाला त्यानं आधीच नाही कळवलं होतं. त्यानं हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला हिल्डा चालू झाली आणि दुसऱ्या सिलिंडरला खोकली. आम्ही गावाबाहेर एक चक्कर मारून आलो. परतल्यावर मी मीटर वाचलं, जाण्याचे आणि परतीचे, आणि धुराचा हिशेब केला. तो म्हणाला, "इतकं कोरडं कुणी कसं असू शकतं?" आणि मी म्हणाले, "सव्वा झाड होतंय तुझं या वर्षाचं, अख्खं लाव." त्यानं दोन लावली. गिरणीच्या जागेत, शेजारी शेजारी.

आणि इथलं माझं काम संपलं.

पुढचं काम नॉर्फोकच्या क्लबाचं होतं, देशाच्या दुसऱ्या टोकाला. निघायचा दिवस गुरुवारच आला. आयव्हो फाटकाशी उभा होता, हात खिशात.

"नॉर्फोक," तो म्हणाला. "सपाट आहे म्हणतात."

"फार."

"चढ नाहीत. मग पेट्रोल कमी जळत असेल."

"थोडं कमी."

"हं... रस्ता लांबचा आहे. गाडी चार्ज केलीस ना?"

"काठोकाठ."

"छान." तो खाली बघत होता. "छान केलंस."

मी निघाले. आरशात तो लहान होत गेला, मग धुकं आलं. मला राग आला होता. सूर अर्ध्या केसानं ढळला तरी ज्याला कळतो, त्या माणसाला हे कळू नये! मैलामागून मैल गेले आणि माझा राग शांत होईना. मग गिरणीची गल्ली आली, ते एकटं घर, खिडकीतला दिवा. पडद्यावर अकरा.

मी वाकले आणि गाडीचं बटण दाबून ती बंद केली. बाहेर उतरून, कमरेवर हात ठेवून, तिच्याकडे चांगलं रोखून बघितलं. खिडकीचा पडदा हलला. मग मी फोन लावला.

"आयव्हो? माझी गाडी बंद पडलीये."

"कुठे?"

"बंद पडायची जागा असते ना, तिथेच."

"बॅटरी?"

"बॅटरी."

"किती उरलीये?"

"नव्वद टक्के."

पलीकडे व्हॅनच्या किल्ल्या खणखणल्या. मग त्याचा आवाज आला, अतिशय गंभीर.

"अवघड दिसतंय, मिस वेनलॉक. न्यावीच लागेल."

मी थांबले. नळ्या हुंकारत होत्या. थोड्या वेळानं चढावर एक इंजिन ऐकू आलं. इतक्यात तो येणं शक्य नव्हतं. धुकं पिवळट झालं, राळेचा वास आला आणि गेला. मी हात वर केला. माझ्या अगदी जवळून, कानाशी, कुणीतरी हसलं.

त्यानंतर लाल मफलरवाल्याची व्हॅन आली, मागे रिकामा ट्रेलर. त्यानं एक शब्दही न बोलता गाडी चढवली, पट्टे आवळले आणि माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. आम्ही शेजारी बसलो. घरी पोचायला आम्हाला किती वेळ लागला, ते प्रॉसरबाई अजूनही लोकांना सांगतात.

तेव्हापासून मी पुष्कळ गाड्यांचे पुष्कळ मैल मोजले. त्या गुरुवारचे परतीचे अकरा मात्र माझ्या मीटरवर आजही नाहीत.